गुलाबी सशाची खालची बाजू

रश्मीला किळस फार लवकर यायची. सौंदडला माहेरी असताना ताटात एखादा केस निघाला तर ती ताट बाजूला सारायची आणि पुढे दोन दिवस ती भाजी शिजलेल्या पातेल्याकडेही बघायची नाही. लग्न होऊन आमगावला आल्यावर सासूबाई पुष्पाबाई शेजारणींना हसून सांगायच्या, "आमची सून पानी प्यायच्या आंधी गिलासाचा वास घेते बाप्पा." रश्मीला त्याचा राग येत नसे. ती खरंच वास घ्यायची.

तिचा नवरा हेमेंद्र डेकोरेशनची कामं करायचा. वाढदिवस, बारसं, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, जे मिळेल ते. फुग्यांची कमान, धुराचं मशीन, चमकीचे पडदे, थर्माकोलची नावं असा सगळा पसारा घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये पडलेला असे. उन्हाळ्यात तो रायपूरला माल आणायला गेला आणि परत आला तो मिक्सरच्या खोक्यात तीन पांढरे ससे घेऊन.

"तिकडच्या पार्टीत पाहिलं म्या," तो म्हणाला. "पोट्टे पागल होतात यांच्यामांगं. एका कोपऱ्यात हिरवं कारपेट, चार झाडं, आन् मधात हे. बनी कॉर्नर!"

"आन् हे राहतीन कुठं?" रश्मीने विचारलं.

"हे का माणसं होत? कुठंही राहतीन."

शेडमध्ये एक जुना लोखंडी कूलर पडला होता. मोटर जळालेली, गवताच्या जाळ्या सडलेल्या. हेमेंद्रने तो आडवा पाडला, तोंडाला तारेची जाळी ठोकली आणि ससे आत सोडले. खाली कूलरचा पत्राच होता, पूर्वी त्यात पाणी साठायचं. आता त्यात मूत साठायला लागलं.

पांढरे ससे सगळ्यांकडेच असतात, म्हणून पहिल्याच कार्यक्रमाआधी हेमेंद्रने त्यांना रंगवलं. जिलेबीत टाकतात तो खायचा रंग पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीने फवारला. एक गुलाबी, एक हिरवा, एक निळा. प्रत्येक बुकिंगच्या दुपारी नळाखाली धरून शाम्पूने आंघोळ, मग रश्मीच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवणं, मग रंग आणि शेवटी संडासात मारायचा सुगंधी फवारा. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी रश्मीने ते मशीन त्यालाच देऊन टाकलं. तिने ते पुन्हा डोक्याला लावलं नाही.

ससे खायचे काय, तर पार्टीत उरलेला केक, ब्रेड, मारीची बिस्किटं आणि घरातला शिळा भात. पोरं त्यांना क्रीम चाटवायची आणि आया मोबाईल धरून उभ्या राहायच्या. बुकिंगं वाढली. देवरीहून फोन आले, गोंदियाहून आले. हेमेंद्र खूश होता.

रश्मी शेडकडे जायचं टाळायची. पण स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला होती. एकदा दुपारी ती कणीक मळत असताना तिने पाहिलं, गुलाबी ससा मान वाकवून स्वतःच्याच मागच्या पायांत तोंड घालत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं, अंग जड झालं होतं. पण शेजारच्या हिरव्याने तेच केलं आणि त्याला जमलं. त्याने बुडाला तोंड लावून ओलं, काळं, द्राक्षांच्या घोसासारखं काहीतरी ओढून घेतलं आणि अर्धे डोळे मिटून चावायला लागला. रश्मीने कणीक तशीच झाकून ठेवली. रात्रीच्या पोळ्या पुष्पाबाईंनी केल्या.

"ते आपलीच लेंडी खातात," तिने हेमेंद्रला सांगितलं.

तो हसला. "खाऊ दे ना. तेवढाच खर्च कमी."

पोळा झाला, तान्हा पोळा झाला. पाऊस उघडीप देऊन पुन्हा यायचा आणि मध्ये ऊन पडलं की सगळ्या गावातून वाफ निघायची. शेडमधून येणारा वास आता खिडकी बंद केली तरी येत होता. आधी नुसता मुताचा होता, डोळ्यांत झोंबणारा. मग त्यात आणखी एक वास मिसळला. ओल्या बारदान्यात विसरून राहिलेल्या कांद्यासारखा, गोडसर, कुजका. तो वास रश्मीला ओढणीत यायचा, उशीत यायचा. तिने दोनदा हेमेंद्रला कूलर धुवायला सांगितलं. त्याने पाइप धरून लांबून पाणी मारलं. घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि ससे भिजले.

एके सकाळी तो फुगे आणायला बाजारात गेला. जाताना ओरडून गेला, "आज संध्याकाळी देवरी रोडच्या लॉनवर बड्डे हाये. सशांले पानी ठेवजो." रश्मी नाकाला पदर लावून शेडमध्ये गेली. हिरवा आणि निळा जाळीशी आले. गुलाबी मागच्या कोपऱ्यात बसून होता. त्याच्यासमोर ब्रेडचा तुकडा तसाच पडलेला होता आणि त्याच्यावर माशा होत्या. ब्रेडवर थोड्या, सशाच्या मागच्या अंगावर पुष्कळ. साध्या घरमाशा नव्हत्या, हिरव्या चकचकीत, जाडजूड. हाकलल्या तरी उडत नव्हत्या.

तिने जाळी उघडली आणि जुन्या ओढणीत धरून त्याला बाहेर ओढलं. ससा हलला नाही. तिने त्याला तिथल्या टेबलावर कलतं केलं. शेपटीखाली केस आणि लेंडी मिळून शेणाच्या वाळल्या गोवरीसारखा एक गोळा झाला होता, त्याच्यावरही गुलाबी रंग चढलेला. तिने काडीने तो गोळा जरासा उचलला.

गोळ्याखाली कातडी दिसलीच नाही. कातडीच्या जागी पांढरं, ओलं काहीतरी वर-खाली होत होतं, आधणात शिजत आलेल्या भातासारखं. क्षणभर तिला वाटलं, खरंच भात चिकटला आहे. मग उजेड लागल्याबरोबर त्यातली शितं माना आत खुपसून मांसात शिरायला लागली.

ती मोरीपर्यंतही पोचली नाही. शेडच्या दारातच सकाळचा चहा, पोहे सगळं बाहेर आलं, आणि पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात.

पुष्पाबाई धावत आल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "काय झालं वं? या महिन्यात पाळी नाई आली ना तुही? सांग ना, मले सांगाले काय लाजतं?"

"नाई माय," रश्मी तोंड पुसत म्हणाली. "सशाले किडे पडले."

पुष्पाबाईंचा हात पाठीवरून खाली आला. "आत्ता बाई," त्या म्हणाल्या. चार वर्षं त्या नातवाची वाट पाहत होत्या आणि मिळाले होते किडे. "त्याच्यावर फिनाईल वत मंग. बैलाले पडले का आमी तारपीन वतो."

तेवढ्यात हेमेंद्र आला. रश्मीने त्याला दारातूनच सांगितलं. तो शेडच्या बाहेर थांबला. आत आला नाही, मान वाकवून पाहिलंही नाही.

"मराले आला असन तं दे फेकून नाल्यात," तो म्हणाला. "मी दोनच नेतो. तिसरा लपून बसला मनून सांगीन पोट्ट्याइले. शोधत राहतीन, तेवढाच टाइमपास."

"आन् या दोघांले असन तं?"

"त्याईले काय झालं? खाऊन तं राहिले चांगले."

त्याने हिरव्याला आणि निळ्याला उचललं. कान धरून, जसं तो नेहमी उचलायचा. आज आंघोळीला वेळ नव्हता, म्हणून सुगंधी फवारा जास्त मारला. ससे शिंकले. चमेली आणि कुजका कांदा असा एक वास शेडभर झाला. सामान टेम्पोत भरून तो गेला.

रश्मी फिनाईलची बाटली घेऊन टेबलापाशी उभी राहिली. ससा डोळे अर्धवट उघडे ठेवून पडला होता आणि त्याच्या तोंडातून बारीक करकर येत होती. तो दातांवर दात घासत होता. खात नव्हता, तोंडात काही नव्हतं, नुसते दात. तो आवाज तिला सहन होईना. तिला त्या जनावराची माया आली असं म्हणता येणार नाही. त्याला उघड्या हाताने शिवायची तिची अजून तयारी नव्हती. तिला इतकंच वाटलं की हे असं इथे ठेवून आपण आत जाऊन चहा टाकला, तर त्या चहाला कायम हाच वास येईल.

तिने बांबूच्या टोपल्यात जुनी चादर घातली, ससा त्यात ठेवला, वरून ओढणी बांधली आणि ऑटो पकडला. ऑटोत आधीच दोन बाया होत्या. वास आल्यावर एकीने विचारलं, "मासोळी होय का?" रश्मीने टोपलं मांडीवर घट्ट धरलं. दुसरी पुढच्या वळणावर उतरून गेली.

रेल्वे फाटकापलीकडे डॉक्टर टेंभरेंचा जनावरांचा दवाखाना होता. बाहेर एक बकरी सलाईन लावून उभी होती. डॉक्टर पन्नाशीचे, अंगात बनियनवर ॲप्रन. त्यांनी ओढणी सोडली, पाहिलं आणि तोंडाने "च्च" केलं.

"मी गाई-बकऱ्यांचा डॉक्टर आहे ताई," ते म्हणाले. "सशाचं कॉलेजात वाचलं होतं, तेवढंच. थांबा." त्यांनी नागपूरच्या कुण्या मित्राला फोन लावला, औषधाचं प्रमाण विचारून घेतलं, दोनदा खात्री केली. मग म्हणाले, "माझा माणूस आज सुट्टीवर आहे. तुम्हाला धरावं लागेल. जमेल?"

"नाई जमणार," रश्मी म्हणाली, आणि धरलं.

"असा नाही. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. मागचे पाय अधांतरी सोडायचे नाहीत, लाथ मारली तर पाठीचा मणका मोडतो. आणि कान धरून कधीच उचलायचं नाही."

"आमच्याकडे कानच धरतात."

डॉक्टरांनी तिचा हात नीट बुडाखाली बसवला. त्यांनी सशाला दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि कात्रीने केस कापायला सुरुवात केली. गोळा सुटून ट्रेमध्ये पडला तेव्हा धप्प आवाज झाला. मग चिमट्याने एकेक अळी. काही सहज निघायच्या, काही ताणून लांब व्हायच्या आणि मग सुटायच्या. काही आत जायच्या आणि डॉक्टर भोकाच्या तोंडाशी कोमट मिठाचं पाणी सोडून त्या वर यायची वाट बघायचे. एक अळी रश्मीच्या मनगटावर चढली. ती ओरडली, पण हात सोडला नाही. डोळे मिटले तर वास वाढायचा, उघडले तर दिसायचं. तिने डॉक्टरांच्या ॲप्रनवरच्या शाईच्या डागाकडे बघायचं ठरवलं. पण थोड्या वेळाने तिचे डोळे आपोआप तिकडेच जायला लागले, आणि तीच सांगू लागली, "तिथं एक हाये. मांडीच्या घडीत. आणखी एक."

"याच्यावर तारपीन टाकलं असतं तं?" तिने विचारलं.

"बैलाची कातडी वेगळी, याची वेगळी. भाजून निघाला असता. फिनाईलने तर मेलाच असता." डॉक्टर चिमटा पुसत म्हणाले. "खायला काय देता याला?"

तिने सांगितलं. केक, ब्रेड, बिस्किट, भात. डॉक्टरांनी मान वर केली. "गवत?"

"गवत नाई."

"सशाला गवतच लागतं. दिवसभर. त्याचे दात वाढत राहतात, गवत चावून झिजतात. पोट चालतं तेही गवतावर."

मग रश्मीने इतके दिवस मनात असलेलं विचारलं. "डॉक्टरसाहेब, ते आपली लेंडी खातात. मी डोळ्यानं पाहिलं."

"खायलाच पाहिजे. पहिल्यांदा जी मऊ येते ती ते थेट बुडातून घेतात. एकदा पोटातून गेलेलं गवत दुसऱ्यांदा गेलं की त्यातलं सत्त्व मिळतं. मग येते ती कोरडी लेंडी."

"लय घाण वाटते."

"वाटते खरी," डॉक्टर म्हणाले. "पण याला तेच करता आलं नाही. गोड खाऊन फुगला, मान पोचेना, लेंडी पातळ झाली ती मागेच चिकटली. त्यात ओलं अंग. एका दिवसात अळ्या होतात या हवेत." त्यांनी दुसरी सुई भरली. "आणखी आहेत का घरी?"

"दोन. एकाच पिंजऱ्यात होते. आता बड्डेले गेले."

"म्हणजे?"

"पोरं खेळतात त्याईच्यासंगं. मांडीवर घेऊन."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. तिने हेमेंद्रला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्याने उचलला, पलीकडून डीजेचा आवाज आला, तो "नंतर, नंतर" ओरडला आणि कट केला.

गुलाबी ससा दवाखान्यातच ठेवून ती निघाली.

देवरी रस्त्याच्या लॉनवर फुग्यांची कमान उभी होती. संध्याकाळचं ऊन अजून गेलं नव्हतं. गुंजन नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता. तिची आई हर्षा जांभळ्या पैठणीत पाहुण्यांना बसवत होती. रश्मी तिला ओळखत होती, दोघी एकाच दुकानातून ब्लाउज शिवून घ्यायच्या. हर्षाने हसून हात केला आणि मग रश्मीचा अवतार पाहून तो अर्धवट खाली आला. रश्मीच्या साडीवर सशाचे केस, मिठाच्या पाण्याचे ओघळ आणि गुलाबी डाग होते.

कोपऱ्यात हिरव्या कारपेटवर गुंजन मांडी घालून बसली होती. पांढरा झालरीचा फ्रॉक, डोक्यावर मुकुट. तिच्या मांडीत हिरवा ससा होता आणि ती त्याला बोटाने क्रीम चाटवत होती. मग तेच बोट तिने स्वतःच्या तोंडात घातलं.

"दे बेटा," रश्मी खाली बसत म्हणाली. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. तिने ससा अलगद उताणा केला.

केसांच्या बुडाशी, चिकटलेल्या लेंडीभोवती, फिकट पिवळ्या अंड्यांचे झुबके होते. काही फुटली होती. गुंजनच्या पांढऱ्या फ्रॉकवर, झालरीच्या घडीत, एक बारीक अळी वळवळत वर चढत होती.

हर्षा जवळ आली होती. "काय झालं? काय आहे ते?"

हेमेंद्र धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकांसमोरचं हसू होतं. "कुछ नहीं मॅडम, तांदूळ होय. औक्षणाच्या अक्षता पडल्या असतीन."

"तांदूळ चालते काय?" रश्मी म्हणाली.

ती हे मोठ्याने बोलली नव्हती, पण नेमकं तेव्हाच गाणं संपलं. हर्षाने फ्रॉककडे नीट पाहिलं आणि अशी किंचाळली की लॉनवरचे सगळे उठून उभे राहिले. तिने मुलीला ओढून उभं केलं, सगळ्यांसमोर फ्रॉक काढून लांब फेकला आणि तिला कडेवर घेऊन नळाकडे पळाली. आयांनी आपापल्या पोरांचे हात, मांड्या, केस तपासायला सुरुवात केली. एक पोरगं ओकलं, त्याचं पाहून दुसरं. गुंजन रडत होती, तिला काय झालं ते कळत नव्हतं, तिला ससा परत हवा होता.

नळापाशी हर्षा तिच्या तोंडात बोट घालून चूळ भरायला लावत होती. रश्मी जवळ गेली. "डॉक्टरले दाखवा एकदा. जंताचं औषध—"

"हात नका लावू!" हर्षा ओरडली. "तुम्ही घाणेरडे लोक. तुम्हाला माहीत होतं ना? घरात माहीत होतं ना तुमच्या?"

"आज सकाळी माहीत झालं," रश्मी म्हणाली. हर्षाच्या तोंडावर जे होतं, ते सकाळी शेडच्या दारात तिच्या स्वतःच्या तोंडावर असणार.

तिने निळ्यालाही उचललं आणि दोघांना घेऊन पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बारीक फणीने अंडी काढली. निळा स्वच्छ निघाला, त्याला काही नव्हतं. रात्री तिन्ही ससे टोपल्यात घालून ती घरी आली.

घरी हेमेंद्र ओसरीवर बसून होता. "घरातली गोष्ट घरात बोलता नसती आली? पुऱ्या आमगावसमोर माह्या इज्जतीचा कचरा केला."

"फोन उचलला नाई तुमी."

"पार्टी होऊन जाऊ द्यायची होती ना. एक घंटा."

"त्या पोरीच्या तोंडात गेलं असतं," रश्मी म्हणाली. "तुमी एक डाव तरी त्या सशाले खालून पाहिलं होतं काय? रंग माराले धरत होते, धुवाले धरत होते. एक डाव तरी?"

त्याने पायाने चप्पल बाजूला सारली. मग खाली बघत म्हणाला, "मले नाई पाहवत. तसं काही पाहिलं का मले भोवर येते. लहानपनापासून."

रश्मी त्याच्याकडे बघत राहिली. इतके महिने तिला वाटत होतं, याला काहीच कसं वाटत नाही. वाटत होतं तर. वाटत होतं म्हणूनच तो लांबून पाइप मारत होता, म्हणूनच तो सेंट फवारत होता.

"मंग मले पाहवते काय?" ती म्हणाली. "मी कायले पाहू?"

त्या रात्रीपासून तिने आपलं अंथरूण पुष्पाबाईंच्या खोलीत नेलं. हेमेंद्रच्या हातचं पाणीही तिला घेववत नव्हतं. पुष्पाबाईंनी एकदा विचारून पाहिलं, मग खाट सरकवून तिला जागा करून दिली.

कूलर तिने स्वतः भंगारवाल्याला देऊन टाकला. शेडच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचं कुंपण बांधून घेतलं, खाली धानाचा कोरडा पेंढा, तनस, पसरलं. रोज सकाळी जुनं तनस काढायचं, नवं घालायचं, बांधावरचं गवत आणून झटकून टाकायचं. गुलाबी सशाची जखम दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने पुसायची, कोरडी करायची, मलम लावायचं. तो स्वतःहून खात नव्हता तोवर कोथिंबीर आणि गवत वाटून सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने भरवायचं. सवयीने किळस जाते असं लोक म्हणतात. रश्मीची गेली नाही. रोज पट्टी उघडताना ती तोंडाने श्वास घ्यायची. भात तर तिने सोडूनच दिला होता. पुष्पाबाई वैतागल्या, "धानाच्या घरात पोळ्या खाते बाई," पण पोळ्या लाटून द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी निळा मेलेला सापडला. त्याच्या अंगावर जखम नव्हती, घाण नव्हती, एक अळी नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, घाबरून खाणं बंद झालं असेल, सशाचं पोट एकदा थांबलं की संपलं. डीजे, गर्दी, पोरांची ओढाताण. "त्याने कालपासून खाल्लं होतं का?" त्यांनी विचारलं. रश्मीला सांगता आलं नाही. तिचं सगळं लक्ष गुलाबीकडे होतं.

"मी गाडतो," हेमेंद्र म्हणाला. तो शेडच्या दारात उभा होता. तो आत आला, थोडा थांबला आणि मग दोन्ही हातांनी त्याने निळ्याला उचललं. परसात खड्डा खणून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पोट दगडासारखं झालं होतं त्याचं," तो म्हणाला.

रश्मी गुलाबीला टेबलावर घेऊन बसली होती. ससा आता जोर करायला लागला होता, एकटीला आवरत नव्हता.

"धरा याले," ती म्हणाली.

त्याने धरलं. मान पूर्ण उलटीकडे वळवून.

"तोंड इकडे करा."

"रश्मी, मले खरंच—"

"तोंड इकडे."

त्याने मान वळवली. तिने पट्टी काढली. लाल, ओलं, कडेने पिवळसर पापुद्रे आलेलं मांस उघडं झालं. हेमेंद्रच्या घशातून आवाज आला. तो खाली टेकला, पण टेबलाच्या कडेला छाती लावून त्याने सशाला धरून ठेवलं. सुटू दिलं नाही. रश्मीने घाई केली नाही. नेहमी पुसायची तसं सगळं पुसलं, घडी उलगडून आत पाहिलं, मलम लावलं. तो बघत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वासाचं होतं की कशाचं कोण जाणे.

"उद्या मी धरीन," ती म्हणाली. "पुसायचं तुमी."

दुसऱ्या दिवशी त्याने पुसलं. मध्येच बाहेर जाऊन ओकून आला आणि परत येऊन उरलेलं पुसलं.

महिनाभर कुणी बुकिंग दिलं नाही. हर्षाने पैसे परत मागितले, तो स्वतः घरी देऊन आला आणि दारातूनच हाकलला गेला. गुंजनला काही झालं नाही, हे रश्मीला ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडून कळलं. दिवाळीच्या सुमाराला गुलाबी सशाची जखम भरली. तिथे केस आले नाहीत, एक गुळगुळीत जागा राहून गेली. हिरवा त्याच्याशेजारी गवत खात असायचा. हेमेंद्रचं काम हळूहळू पुन्हा सुरू झालं, फुगे आणि धूर एवढंच. कुणी ससे विचारले तर तो म्हणतो, ससे नाहीत.

रश्मी आपलं अंथरूण परत हेमेंद्रच्या खोलीत घेऊन आली ती त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी. पुष्पाबाईंना बरं वाटलं. त्या दिवशी असं काही खास घडलं नव्हतं, आणि कुणी विचारलं असतं की आजच कशी आली, तर तिला सांगता आलं नसतं.